१९६८ मस्टँग ३९०: गरम गाडी पंधरा मिनिटं थांबवली की पुन्हा उठतच नाही

तक्रार अशी असते. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये उठते. तास-दीड तास हायवेवर काही कुरकुर न करता पळते. तुम्ही पेट्रोल भरायला नाहीतर चहाला थांबता, दहा-वीस मिनिटांनी किल्ली फिरवता आणि सेल्फ नुसता फिरत राहतो. इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प बसतं. तासाभराने तीच गाडी, काहीही न करता, सुरू होते. मेकॅनिककडे नेली की तिथे अगदी शहाण्यासारखी वागते. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार.

माझ्याकडे नऊ वर्षांपासून १९६८ ची मस्टँग फास्टबॅक आहे, ३९० घनइंचाचं व्ही-८ इंजिन, चार गिअर, हिरवा रंग. ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर काळ्या डॉज चार्जरच्या मागे पळवली ती याच जातीची. तो जवळपास अकरा मिनिटांचा पाठलाग पाहूनच माझ्यासारख्या अनेकांनी ही गाडी घेतली. माझी चित्रपटातली नाही. नंतर कोणीतरी तशी दिसावी म्हणून सजवलेली आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण दुखण्याचं मूळ बरंचसं तिथेच निघालं.

पहिल्यांदा गाडी अडली ती सॅन फ्रान्सिस्कोतल्या टेलर स्ट्रीटच्या चढावर. आई सांगलीहून आली होती. तिला शहर दाखवून परत आलो, किल्ली फिरवली, काही नाही. मागे गाड्या, खाली उतार, आणि आई शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन शांत. म्हणाली, “अरे, तापलीय ती. जरा दम खाऊ दे तिला.” पन्नास मिनिटं दम खाल्ला आणि गाडी सुरू झाली. त्यानंतरच्या दीड वर्षात मी कॉइल बदलली, एका वर्कशॉपने फ्युएल पंप बदलला, दुसऱ्याने सेल्फ बदलला. पैसे गेले, दुखणं तिथेच राहिलं. आईचं निदान बरोबर होतं, पण तापलंय नेमकं काय, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

आधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गाडी चालू असताना बॉनेटखाली जेवढं तापतं त्याहून जास्त तापतं ते बंद केल्यानंतर. पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, समोरून येणारा वारा थांबतो, पण बीडाच्या इंजिनात साठलेली उष्णता कुठे जाणार? ती वर चढते आणि वर कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, बसलेला आहे. माझ्या लेझरवाल्या थर्मामीटरने गाडी बंद करताक्षणी कार्ब्युरेटरच्या बाऊलवर (पेट्रोल साठवणाऱ्या त्याच्या वाटीवर) ४८ अंश सेल्सियस दाखवलं. बारा मिनिटांनी त्याच जागी ७९ होतं. बाहेर तेव्हा ३३ अंश. म्हणून पाच मिनिटं थांबलेली गाडी उठते, दोन तास थांबलेलीही उठते आणि पंधरा-वीस मिनिटं थांबलेली अडते.

पहिली दोन मिनिटं

लोक या सगळ्याला सरसकट ‘व्हेपर लॉक’, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ अडकणं, म्हणतात. वर्कशॉपमध्येही हाच शब्द ऐकायला मिळतो. पण एकाच लक्षणामागे किमान चार वेगळी कारणं असतात आणि त्यांतल्या दोघांचा उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहे. म्हणून गाडी अडली की पाय अॅक्सिलरेटरवरून काढा. पंपिंग करू नका. सिगरेट पेटलेली असेल तर ती दूर विझवा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि मग बॉनेट उघडा.

आधी कान द्या. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरत होता की जड, दमल्यासारखा? जड असेल तर पेट्रोलचा विचार सोडा आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा.

सेल्फ जोमात फिरत असेल तर एअर क्लीनरचं झाकण काढा, इंजिन बंदच ठेवा आणि टॉर्च मारून कार्ब्युरेटरच्या घशात पाहा. पेट्रोलचा उग्र वास, आतल्या नळ्यांच्या टोकांवरून टपटप गळणारे थेंब, खाली ओली चकाकी दिसली तर तुमची गाडी उपाशी नाही, तिने नको तेवढं प्यायलंय. आत कोरडं असेल तर हाताने थ्रॉटलची (अॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या हवेच्या झडपेची) दांडी एकदा, फक्त एकदा, पूर्ण ओढा. पिचकारीसारखी बारीक धार उडाली तर बाऊलमध्ये पेट्रोल आहे. मग ठिणगी तपासा. धार नाही, नुसती फुस्स हवा आली तर बाऊल रिकामा आहे.

एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात आणि ती गाडी अडलेली असतानाच पाहावी लागतात. मी दीड वर्ष हे पाहिलं नाही. गाडी थंड झाल्यावर सगळं नॉर्मल दिसतं, आणि मग आपण अंदाजाने पार्ट बदलत बसतो.

घशात पेट्रोल गळतंय

माझ्या गाडीचं हेच निघालं आणि हिरव्या फास्टबॅकवाल्या ज्या चार-पाच मित्रांच्या गाड्या मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचंही हेच.

त्या क्षणी गाडी उठवायची असेल तर अॅक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबून धरा, तसाच धरून ठेवा आणि सेल्फ मारा. मध्ये सोडायचा नाही, पंप करायचा नाही. थ्रॉटल पूर्ण उघडं असलं की भरपूर हवा आत जाते आणि जास्तीचं पेट्रोल उडून जातं. आठ-दहा सेकंदांत इंजिन धडधडत उठेल. एका दमात पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ फिरवू नका, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या.

आता मूळ दुखणं. बाऊलमधलं पेट्रोल उकळून वर येतं हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं मला एका प्रेशर गेजने दाखवलं. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, पंपाकडून येणाऱ्या लाइनवर मी तात्पुरतं एक छोटं गेज बसवलं. इंजिन चालू असताना साडेपाच पीएसआय (दाब मोजायचं एकक), अगदी हवं तेवढं. गाडी गॅरेजच्या दारात बंद केली आणि मी टॉर्च घेऊन तसाच उभा राहिलो. दोन मिनिटं काटा हलला नाही. मग चढायला लागला. बंद गाडी, पंप फिरत नाही आणि काटा सहावर, सातवर. दहाव्या मिनिटाला नऊच्या जवळ होता. मग एकदम सातवर आला, आणि त्याच क्षणी आत ‘टप’ असा आवाज झाला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. प्रत्येक वेळी फ्लोटची नीडल (बाऊल भरला की तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) हार मानत होती आणि घोटभर पेट्रोल बाऊलमध्ये ढकललं जात होतं.

म्हणजे पंप आणि कार्ब्युरेटर यांच्या मधल्या नळीत अडकलेलं पेट्रोल तापून फुगत होतं. मागे पंपाचा वॉल्व्ह बंद, पुढे फक्त नीडल. जाणार कुठे? कार्ब्युरेटरमध्ये.

याचा इलाज म्हणजे टाकीकडे परत जाणारी बारीक नळी. तीन तोंडांचा फिल्टर मिळतो: एकातून पेट्रोल आत, एकातून कार्ब्युरेटरला आणि तिसऱ्या, सुईच्या छिद्राएवढ्या तोंडातून परत टाकीला. चालू गाडीत थोडं पेट्रोल सतत फिरत राहतं, त्यामुळे नळीही गार राहते. बंद गाडीत दाब त्या छिद्रातून हळूहळू निघून जातो. फिल्टर बसवताना परतीचं तोंड वरच्या बाजूला येईल असं बघा, म्हणजे वाफ आधी बाहेर पडेल. ही नळी बसवल्यावर मी पुन्हा टॉर्च घेऊन उभा राहिलो. काटा शून्यावर आला आणि शून्यावरच राहिला. त्या रात्री झोप छान लागली.

दुसरी गोष्ट, कार्ब्युरेटरखालचा इन्सुलेटिंग स्पेसर. फिनॉलिकचा (कडक, उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकचा) किंवा थर दिलेल्या लाकडाचा घ्या. अॅल्युमिनियमचा घेऊ नका, तो उष्णता अडवण्याऐवजी वर पोचवतो. अर्धा इंच पुरतो, एक इंच जास्त चांगला, पण या गाडीत बॉनेटखाली जागा मोजूनच आहे. मी घरातल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून एअर क्लीनरच्या नटावर ठेवला, बॉनेट अलगद बंद केलं आणि उघडून चपटा झालेला गोळा मोजला. पाऊण इंच उरला होता. अर्ध्या इंचाचा स्पेसर घेतला. स्टड लांब लागतील आणि थ्रॉटलची दांडी पुन्हा जुळवावी लागेल, ते विसरू नका. पाय पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतं का, हे दुसऱ्या माणसाला सीटवर बसवून बघून घ्या.

तिसरी, फ्लोटची पातळी. माझ्यासारख्या हॉली कंपनीच्या कार्ब्युरेटरला बाऊलच्या बाजूला एक स्क्रू असतो. सपाट जागी, इंजिन आयडलवर असताना तो काढला की पेट्रोल छिद्राच्या खालच्या काठाला जेमतेम लागलं पाहिजे. भळकन बाहेर आलं तर पातळी जास्त आहे, आणि तापल्यावर पहिले थेंब तिथूनच सुटणार. खाली चिंधी धरा, आणि गरम एक्झॉस्टवर थेंब पडणार नाही याची काळजी घ्या.

चौथी गोष्ट मी सर्वांत शेवटी केली, तुम्हीही शेवटीच करा. इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरमधलं मिश्रण सिलिंडरांना वाटणाऱ्या भागाच्या) पोटातून एक्झॉस्टचा गरम वायू जायला वाट ठेवलेली असते, थंडीत कार्ब्युरेटर लवकर तापावा म्हणून. कॅलिफोर्नियाच्या हवेत तिची फारशी गरज नाही. पॅकिंगमध्ये स्टीलची पातळ पत्री घालून ती बंद करता येते. पण हे फोर्डच्या ‘एफई’ घराण्यातलं इंजिन आहे: मॅनिफोल्ड व्हॉल्व्ह कव्हरच्या आतपर्यंत जातं आणि पुशरॉड त्याच्यातूनच आरपार गेलेले असतात. म्हणजे रॉकर शाफ्ट काढा, पुशरॉड क्रमाने काढून ठेवा (मी पुठ्ठ्याला सोळा भोकं पाडून नंबर घातले), आणि मग ते बीडाचं मॅनिफोल्ड उचला. तीस किलोच्या वर वजन आहे. एकट्याने उचलू नका, इंजिन होइस्ट भाड्याने आणा. माझे दोन दिवस गेले. पण नंतर बाऊलचं तेच बारा मिनिटांचं तापमान ६१ वर आलं, आधीचे तिन्ही बदल धरून.

यातलं बरंचसं कारखान्यातून निघालेल्या गाडीत आधीच विचार करून दिलेलं असायचं. मग गेलं कुठे? चित्रपटातल्या गाडीवर बोधचिन्हं नव्हती, पुढच्या जाळीतले दिवे काढलेले होते आणि तिचं इंजिन नि सस्पेन्शन रेसच्या गाड्या बनवणाऱ्या मॅक्स बाल्चॉवस्कीने चित्रीकरणासाठी मुद्दाम मजबूत केलं होतं. तशी गाडी करायची म्हणून लोक मोठा कार्ब्युरेटर, उघड्या एक्झॉस्ट हेडर, चकचकीत क्रोमची पेट्रोलची नळी बसवतात आणि ‘फालतू’ म्हणून पंख्याभोवतीचा श्राउड, उष्णतेची ढाल, परतीची नळी काढून टाकतात. माझ्या गाडीची क्रोमची नळी तर थर्मोस्टॅटच्या घराला चिकटून गेली होती. दिसायला सुंदर आणि पेट्रोलला थेट चुलीवर नेणारी. श्राउड परत बसवा. तो नसला तर पंखा रेडिएटरच्या मधल्या गोलातूनच हवा ओढतो आणि चारी कोपरे वाया जातात.

बाऊल रिकामा आहे

हा खरा व्हेपर लॉक. पंप इंजिनवर पुढे आहे आणि टाकी पार मागे. पंप पेट्रोल ओढतो, ओढल्यामुळे नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. नळीत वाफेचा फुगा झाला की पंप नुसती वाफ घुसळत बसतो. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात लोक गाड्यांच्या पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठीच, आणि ते फडकं खरंच काम करतं. माझ्या डिकीत आजही एक पंचा आणि पाण्याची बाटली असते. पेट्रोलच्या नळीला कपड्यांचे चिमटे लावायची जी जुनी अमेरिकन पद्धत आहे, तिचा मला एकदाही उपयोग झालेला नाही. नळी उष्णतेपासून दूर वळवणं आणि तिच्यावर इन्सुलेशन चढवणं, हे त्यापेक्षा कितीतरी बरं.

नवा पंप घेण्याआधी टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी तुकडे बदला. पन्नास वर्षांचं रबर आजच्या इथेनॉलने आतून तडकतं. बाहेर पेट्रोल गळत नाही, पण ओढताना हवा आत घेतं. नळी बोटांत वाकवून पाहा. बारीक चिरा दिसतील. इथेनॉल सोसणारी नळी घ्या आणि क्लिपसुद्धा नव्या लावा.

आणि टाकीचं झाकण. हे मी जीव तोडून सांगतो, कारण सगळं दुरुस्त झाल्यावर आठ महिन्यांनी याच झाकणाने मला पुन्हा रस्त्यावर बसवलं. जुनं झाकण गंजलं म्हणून मी नवं, छान दिसणारं, चटकन उघडणारं झाकण घेतलं. दोन आठवड्यांनी कॅलिफोर्नियातल्या ट्रेसी गावाजवळ भर उन्हात गाडी झटके देत बंद पडली. घसा कोरडा, धार नाही. पंचा टाकला, फरक नाही. सहज म्हणून टाकीचं झाकण उघडलं तर ‘स्सूऽऽ’ करून हवा आत शिरली. या काळातल्या गाडीचं झाकण श्वास घेणारं लागतं. मी आणलेलं नंतरच्या वर्षांच्या गाड्यांचं, बंद झाकण होतं. टाकीत पोकळी होत होती आणि पंप तिच्याशी झगडत होता. झाकण ओठांशी धरून फुंकून पाहा, हवा गेली पाहिजे. तपासणीला खर्च शून्य.

आता पेट्रोलबद्दल. कॅलिफोर्नियातल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल ७८ अंशांच्या आसपास उकळतं आणि पेट्रोलमध्ये मिसळल्यावर त्यातल्या हलक्या भागाला आणखी लवकर उडायला लावतं. त्यात हिवाळ्यात विकलं जाणारं पेट्रोल मुद्दाम जास्त उडणारं बनवतात, थंडीत गाड्या सुरू व्हाव्यात म्हणून. त्यामुळे गाडी सर्वांत जास्त त्रास देते ती ऑगस्टमध्ये नाही, तर मार्चमध्ये एखादा दिवस अचानक तापला की. टाकीत हिवाळ्याचं पेट्रोल आणि डोक्यावर उन्हाळा. मी फेब्रुवारीअखेर टाकी मुद्दाम रिकामी होत आणतो. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या आहेत त्यांना तर आता वीस टक्के इथेनॉल मिळतं. रबराची तपासणी त्यांनी आधी करावी.

धार येते, पण ठिणगी नाही

स्पार्क टेस्टर लावून बघा. वायर हातात धरून झटके खाऊ नका. डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि गार झाल्यावर पुन्हा ठीक होतो. पॉइंटवाली गाडी असेल तर आधी तोच बदला, स्वस्त आहे. कॉइलचंही तसंच.

या गाडीची एक खूण लक्षात ठेवा. कॉइलला नेहमीचा करंट हार्नेसमधल्या (वायरांच्या जुडीतल्या) एका रेझिस्टन्स वायरमधून, कमी व्होल्टेजने मिळतो. सेल्फ मारताना मात्र सोलेनॉइडच्या (किल्ली फिरवली की सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) ‘आय’ टर्मिनलवरून पूर्ण बारा व्होल्ट मिळतात. सेल्फ फिरताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडली की लगेच मरतं? मग रेझिस्टन्स वायर पाहा. उलट, सेल्फ फिरेपर्यंत काही नाही आणि किल्ली सोडता सोडता पकडतं? मग ‘आय’ टर्मिनल किंवा त्याची वायर.

सेल्फच जड फिरतो

फोर्डने सोलेनॉइड सेल्फवर न बसवता बॅटरीशेजारी, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर बसवला आहे. त्यामुळे इतर गाड्यांत एक्झॉस्टच्या उष्णतेने सोलेनॉइड भाजतो, तो प्रकार इथे नाही. तरी हेडर बसवले असतील तर सेल्फची मोटर भाजतेच. तिला उष्णतारोधक वेष्टण लावा.

पण सेल्फ बदलण्याआधी मल्टिमीटर घ्या. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर एक सुई, इंजिनच्या स्वच्छ बीडावर दुसरी, कॉइलची वायर काढून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. तसंच बॅटरीचा पॉझिटिव्ह ते सेल्फचा खांब. माझा सेल्फ ज्यांनी बदलला त्यांनी हे पाहिलं असतं तर नव्या सेल्फची गरजच पडली नसती. रंगावर घट्ट केलेली एक अर्थ वायर घासून बसवायची होती. केबल जाड, तांब्याच्या घ्या. ठिणगीचं टायमिंग फार पुढे घेतलेलं असेल तरी गरम इंजिन सेल्फला उलटा धक्का देतं, तेही तपासा.

माझ्या गाडीचं आता एकच शिल्लक आहे. लेक टाहोकडे जाताना २,१०० मीटरच्या वर, विरळ हवेत, कधीकधी बाऊल अजूनही रिकामा होतो. त्यासाठी टाकीजवळ, टाकीच्या पातळीच्या खाली, इलेक्ट्रिक पंप बसवतोय. मागून ढकललेलं पेट्रोल ओढलेल्या पेट्रोलइतकं सहज उकळत नाही. तुम्हीही बसवणार असाल तर त्याची वायर थेट किल्लीवर घेऊ नका. रिले घ्या, फ्यूज घ्या, आणि इंजिन ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा स्विच किंवा धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच मध्ये घालाच. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप चालू राहिला, तर तो फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहील.

गाडी अडलेली असताना घसा ओला होता की कोरडा, धार आली की नाही, सेल्फचा आवाज कसा होता आणि टाकीचं झाकण उघडल्यावर हवा शिरली का, ही चार निरीक्षणं लिहून कळवलीत तर मला पुढचं सांगता येईल.